नवीन गाडीची बॅटरी सारखी उतरतेय? नवी घेण्याआधी एवढं तपासा

गाडी दोन-तीन वर्षांची, सर्व्हिसिंग वेळच्या वेळी, आणि सकाळी बटण दाबलं तर नुसतं टक टक टक. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला एकच, बॅटरी गेली, बदलून टाक. लोक बदलतातही, आणि महिन्याभरात नवी बॅटरीसुद्धा तशीच उतरते, कारण आधीची का उतरली हे कोणी बघितलेलंच नसतं.

कारणं मुळात तीनच असतात. एकतर बॅटरीचंच आयुष्य संपलंय, किंवा गाडी चालताना ती पुरेशी भरत नाहीये, किंवा तुम्ही गाडी लॉक करून निघून गेलात तरी आत कोणीतरी करंट खात बसलंय. जुन्या गाड्यांमध्ये बहुतेक वेळा पहिलंच कारण निघायचं. नव्या गाड्यांमध्ये मात्र दुसरं आणि तिसरं धरूनच चालायचं, कारण आत डझनावारी कंट्रोल युनिट (छोटे कंप्युटर) असतात आणि आपण गाडी बंद केली म्हणतो तेव्हा ती सगळी लगेच झोपत नाहीत. म्हणून खालचा क्रम मी मुद्दाम असा लावलाय की खर्चाचं काम सगळ्यात शेवटी येतं.

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, दहा नंबरचा पाना, टॉर्च, हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा. अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा, हे उगाच घाबरवायला सांगत नाहीये, पाना प्लस टर्मिनल आणि बॉडीला एकदम टेकला तर शेकडो अँपिअर करंट वाहतो आणि मध्ये तुमची अंगठी असेल तर ती तापायला क्षणही लागत नाही.

१. आधी नक्की करा की भानगड बॅटरीचीच आहे

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं ते नीट बघा आणि ऐका, अर्धं निदान इथेच होतं.

भराभर टक टक टक आवाज आणि डॅशबोर्डचे दिवे मंद होतायत, तर व्होल्टेज कमी आहे, बॅटरी उतरलीये किंवा टर्मिनल सैल आहे. एकच मोठा टक आणि दिवे मात्र झकास, तर संशय स्टार्टर मोटरवर किंवा तिच्या जाड वायरवर घ्या. दिवेच नाहीत, हॉर्न नाही, काहीच नाही, तर बॅटरी पार रिकामी किंवा टर्मिनल निसटलंय. आणि इंजिन जोरात फिरतंय पण पकडत नाहीये, तर बॅटरीला दोष देऊ नका, ते पेट्रोल-डिझेल नाहीतर स्पार्क किंवा इमोबिलायझरचं (चोरी होऊ नये म्हणून इंजिन अडवणारी यंत्रणा) प्रकरण आहे.

रिमोटवाल्या गाड्यांत अजून एक गंमत होते. गाडी उघडतच नाही, लोक समजतात बॅटरी गेली, आणि निघतो संपलेला चावीतला नाण्याएवढा सेल. चावीच्या आत लपवलेली धातूची किल्ली असते, तिने दार उघडा आणि चावी स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा, बऱ्याच गाड्यांत अशी चावी ओळखली जाते (काहींमध्ये चावी ठेवायची ठरलेली जागा वेगळी असते, मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेली असते).

अजून एक. व्होल्टेज पडलं की नव्या गाड्या डॅशबोर्डवर दिवाळी करतात, एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, ट्रॅक्शन सगळेच दिवे एकदम लागतात. पाच-सहा सिस्टिम एकाच सकाळी बिघडत नसतात. आधी बॅटरी भरा, मग काय उरतंय ते बघा.

२. आत्ता लगेच निघायचंय तर

जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करणं. क्रम पाठ करून ठेवा: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, लालचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला, काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि काळीचं शेवटचं टोक तुमच्या गाडीच्या इंजिनवर किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या जाड धातूच्या भागावर. उतरलेल्या बॅटरीच्या मायनसवर नाही. याला कारणं दोन. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, ती बॅटरीपासून लांब उडालेली बरी. दुसरं कारण नव्या गाड्यांचं आहे, मायनस टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो जो आत किती करंट गेला, बाहेर किती गेला याचा हिशोब ठेवतो. तुम्ही थेट मायनस पोस्टवर चिमटा लावला तर तो करंट सेन्सरला दिसतच नाही आणि गाडीचा हिशोब चुकतो. चार्जर लावतानाही हेच लक्षात ठेवा.

चांगली गाडी सुरू ठेवून पाच-दहा मिनिटं थांबा, मग तुमचा सेल्फ मारा. केबल काढताना उलट क्रम. बॅटरी फुगली असेल, गळत असेल किंवा थंडीने आत गोठली असेल तर जंप अजिबात करायचा नाही. बोनेटखाली बॅटरी सापडली नाही म्हणून गोंधळू नका, ती डिकीत किंवा सीटखाली असते आणि जंपसाठी इंजिनपाशी वेगळा प्लस पॉइंट लाल झाकणाखाली दिलेला असतो.

धक्का मारून सुरू करणं विसरा. ऑटोमॅटिकला तर ते जमतच नाही, आणि मॅन्युअल असली तरी ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) आणि फ्युएल पंप चालायला थोडंफार व्होल्टेज लागतंच, शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन ते खराब करू शकतं.

आणि एक जुनी सवय अजून सांगितली जाते, इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून बघ, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) खराब. कृपा करून असलं काही करू नका! बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज एकदम वर उसळतं आणि त्यात कंट्रोल युनिट जळू शकतात. कोणी मेकॅनिक हे करायला निघाला तर सरळ थांबवा.

३. मीटर लावा

गाडी बंद करून काही तास झालेले हवेत, रात्रभर असेल तर उत्तम. नुकती चालवलेली असेल तर वरवरचं चार्ज असतं आणि आकडा खोटा चांगला दिसतो, मग हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबा आणि मोजा. मीटर डीसी व्होल्टवर, लाल पिन प्लसला, काळी मायनसला.

१२.६ किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे (एजीएम, म्हणजे आतलं ॲसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेली बॅटरी, भरलेली असताना १२.८ च्या आसपास दाखवते). १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. ११.८ च्या खाली गेली की रिकामीच समजा. आता १०.५ च्या आसपास दाखवतेय आणि चार्ज करूनही तिथेच येतेय, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झालाय, ती बॅटरी गेली, तिच्यावर वेळ घालवू नका.

पण भरलेली बॅटरी म्हणजे दमदार बॅटरी असं नाही, इथे फसायला होतं. १२.६ दाखवणारी बॅटरीसुद्धा सेल्फ मारताना कोसळू शकते. म्हणून मीटर लावून ठेवा, कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. चांगली बॅटरी १० च्या वर राहते. ९.६ च्या खाली पडत असेल आणि फार थंडी नसेल तर ती थकलीये. तसं साधं मीटर हा क्षणभराचा खड्डा नीट पकडत नाही, त्यामुळे शंका वाटली तर दुकानात बॅटरी टेस्टर लावून घ्या, पण आधी ती पूर्ण चार्ज करून, कारण अर्धवट भरलेली बॅटरी टेस्टरवर सहज खराब ठरते आणि दुकानदाराला तेवढंच निमित्त पुरतं.

हे सगळं करायच्या आधी टर्मिनल हाताने हलवून बघा बरं का. हाताने जरा जरी फिरलं तरी ते सैल आहे, दहा नंबरच्या पान्याने आवळा. पांढरी-हिरवी पावडर साचली असेल तर टर्मिनल काढून (मायनस आधी, लावताना मायनस शेवटी) खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, पुसून कोरडं करा. किती तरी बॅटऱ्या फक्त या दहा मिनिटांच्या कामाअभावी भंगारात गेल्यात.

४. भरतेय का?

जुना नियम असा की इंजिन चालू असताना १३.७ ते १४.७ च्या मध्ये दिसलं पाहिजे. नव्या गाड्यांत हा नियम एकदम तसाच लावला तर चुकीचं निदान होतं, कारण अल्टरनेटर आता कंप्युटर चालवतो. मायलेज वाढावं म्हणून तो ॲक्सिलरेटर दाबल्यावर चार्जिंग कमी करतो, पाय काढल्यावर वाढवतो, आणि बॅटरी बऱ्यापैकी भरलेली असेल तर १२.६-१२.८ वर नुसता बसून राहतो. बघणाऱ्याला वाटतं अल्टरनेटर मेला. तर करायचं काय, हेडलाइट लावा, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा हीटर चालू, आणि दोन-तीन मिनिटं आकडा बघा. १३.५ च्या वर चढला की अल्टरनेटर ठीक आहे. १२.५ च्या खाली घसरतच गेला, किंवा डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा आला, तर चार्जिंग खरंच बंद आहे, बेल्टपासून बघायला सुरुवात करा.

इंजिन चालू असतानाच मीटर एसी व्होल्टवर (इथे एसी म्हणजे दिशा बदलत वाहणारा करंट, एअर कंडिशनर नव्हे) फिरवून परत बॅटरीवर लावा. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसत असेल तर अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेल्याचा संशय घ्या. फुटका डायोड दिवसा नीट भरू देत नाही आणि रात्री उलटा करंट खातो, म्हणजे कारण दोन आणि तीन एकाच जागी.

अल्टरनेटर चांगला असूनही बॅटरी उपाशी राहते ती छोट्या फेऱ्यांमुळे. लेड-ॲसिड बॅटरी करंट सावकाश घेते, वरचा शेवटचा भाग तर फारच सावकाश. रोज दहा मिनिटं गाडी चालवून, त्यात एसी, सीट हीटर, फोन चार्जिंग, ती हळूहळू अर्ध्यावर येते आणि अर्ध्यावरच राहते, आणि तशी ठेवलेली बॅटरी आतून सल्फेट धरून कायमची कमजोर होते. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत याची आगाऊ खूण मिळते: सिग्नलला इंजिन आपोआप बंद व्हायचं ते आठवडे झाले होत नाहीये. एसीचा लोड, थंड इंजिन अशी कारणंही असतात, पण सगळं नेहमीसारखं असून बंद पडत नसेल तर गाडी तुम्हाला बॅटरी कमी आहे हेच सांगतेय.

५. रात्री कोण खातंय

खरी मजा इथे आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच पायरी टाळतात.

थोडा करंट प्रत्येक गाडी बंद असताना घेते, घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर यांच्यासाठी. २० ते ५० मिलीअँपिअर नॉर्मल धरा. ५० धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर (एक अँपिअर करंट तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर) होतात, म्हणजे ४५ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी अर्धी व्हायला जवळपास १९ दिवस. आता हाच करंट अर्धा अँपिअर झाला तर दिवसाला १२ अँपिअर-अवर, दोन दिवसांत अर्धी. त्यामुळे तुमची गाडी एका रात्रीत उतरतेय की तीन आठवडे उभी राहिल्यावर, यावरूनच बरंच कळतं. तीन आठवडे उभी राहून उतरली तर कदाचित काही बिघडलेलंच नाहीये.

मोजायचं असं. चावी गाडीपासून लांब ठेवा, घरात दुसऱ्या खोलीत. बोनेट उघडं, ड्रायव्हरचं दार उघडं, आणि दाराच्या कडेला जे लॉक असतं ते स्क्रू-ड्रायव्हरने ढकलून बंद करा म्हणजे गाडीला वाटेल दार लावलंय (काम झाल्यावर हँडल ओढून ते मोकळं करायला विसरू नका, नाहीतर दार आपटून लॉक वाकेल). बोनेटच्या लॉकचंही तसंच. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात लावा, मायनस केबल काढा आणि मीटर मध्ये घ्या, एक पिन केबलला, एक बॅटरीच्या पोस्टला. या अवस्थेत इग्निशन ऑन करायचं नाही, सेल्फ तर नाहीच, मीटरचा फ्यूज उडेल. डीसी क्लॅम्प मीटर असेल तर काहीच काढावं लागत नाही, वायरभोवती अडकवलं की झालं, फक्त स्वस्तातले बरेच क्लॅम्प एसीच मोजतात ते घेऊन बसू नका.

आता आकडा बघत बसा. सुरुवातीला तो चांगला तीन-चार अँपिअर वगैरे दाखवेल, घाबरू नका, केबल काढून मीटरमधून परत जोडल्यावर सगळी युनिट एकदम जागी होतात. थोड्या वेळाने एक-दीडवर येईल. मग आतून कुठेतरी रिलेचा (विजेवर चालणारा स्विच) बारीक टिक आवाज येतो आणि आकडा धपकन ०.४ वर. परत काही मिनिटं शांतता, परत टिक, ०.१५. आणि बराच वेळ काही न होता अचानक ०.०३. गाडी झोपली. याला गाडीप्रमाणे दहा मिनिटांपासून तासभर लागू शकतो, त्यामुळे पाच मिनिटांत आकडा बघून अर्धा अँपिअर लीकेज आहे असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

तासाभराने पण आकडा ०.१ च्या वर अडकलाय, किंवा खाली जातो आणि दर थोड्या वेळाने परत उडी मारतो, तर चोर आहे. जुनी पद्धत म्हणजे एकेक फ्यूज उपटून बघायचं. नव्या गाडीत फ्यूज काढला-लावला की युनिट परत जागी होतात आणि तुमचा तास वाया. त्यापेक्षा फ्यूज जागेवरच ठेवा. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन इवलेसे उघडे धातूचे ठिपके असतात. मीटर मिलीव्होल्टवर ठेवून दोन्ही पिना त्या दोन ठिपक्यांवर टेकवा. ०.० आलं तर त्या फ्यूजमधून काही जात नाहीये, पुढचा. ०.३, १.२ असं काही दिसलं की त्या लाइनमधून करंट वाहतोय. त्या फ्यूजवर काय काय आहे ते झाकणाच्या आतल्या नकाशात बघा.

सगळ्यात आधी संशय बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर घ्यायचा. पार्किंग मोडवाला (गाडी उभी असतानाही चालू राहणारा) डॅशकॅम पाव अँपिअर जरी घेत असेल तरी दिवसाला सहा अँपिअर-अवर गेले, म्हणजे तीन-चार दिवसांत बॅटरी अर्धी. जीपीएस ट्रॅकर, ओबीडी सॉकेटमध्ये (मेकॅनिक स्कॅनर जोडतो ते) कायमचं खुपसून ठेवलेलं डोंगल (हे करंट खातंच, वर गाडीला झोपूही देत नाही), थेट बॅटरीवरून वायर ओढून बसवलेला ॲम्प्लिफायर. हे सगळं काढून परत मोजा. माझ्या मते गाडीची स्वतःची वायरिंग उघडायच्या आधी दोन दिवस या वस्तू काढूनच गाडी वापरून बघावी.

मग गाडीच्या स्वतःच्या गोष्टी. डिकीचा किंवा ग्लोव्ह बॉक्सचा दिवा बंदच होत नसेल, फोन व्हिडिओ रेकॉर्डिंगवर आत ठेवून झाकण लावा, लगेच कळेल. दाराच्या लॉकमधला स्विच खराब असेल तर गाडीला दार उघडंच वाटतं. चिकटलेला रिले. न झोपणारी टचस्क्रीन किंवा इंटरनेटचं युनिट, यावर कधी कधी सॉफ्टवेअर अपडेट हाच इलाज असतो. कीलेस चावी गाडीजवळच टांगलेली असेल तर गाडी तिच्याशी बोलायला उठत राहते. आणि मोबाइल ॲपमधून गाडीची खुशाली दिवसातून दहा वेळा विचारली तर तीही दर वेळी जागी होते!

६. उतरू नये म्हणून

आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास सलग चालवा. नुसती उभी गाडी दहा मिनिटं आयडलवर ठेवण्याचा फारसा उपयोग नाही, सेल्फला गेलेलं भरून निघेल कदाचित, बाकी काही नाही. फेऱ्या छोट्याच असतील तर महिन्या-दोन महिन्यांनी स्मार्ट चार्जर रात्रभर लावा, अर्धी बॅटरी पाच अँपिअरच्या चार्जरवर भरायला तसे सात-आठ तास लागतातच. बॅटरी एजीएम असेल तर चार्जरवर तोच मोड, आणि १५ व्होल्टच्या वर जाणारा रिपेअर मोड बॅटरी गाडीला जोडलेली असताना वापरू नका. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर मेंटेनर चार्जर (बॅटरी भरलेली ठेवत सतत लावून ठेवता येणारा) लावून ठेवा किंवा मायनस काढून ठेवा. काढण्याआधी चावी खिशात आहे ना बघा, काचा थोड्या खाली घ्या, आणि बॅटरी डिकीत असेल आणि डिकी फक्त विजेवर उघडणारी असेल तर ती लावून घेऊ नका.

बॅटरीचं आयुष्य खरं उन्हाने कमी होतं, थंडीत फक्त ते उघडं पडतं. सावलीत लावता आली तर लावा. इंजिन बंद करून गाणी ऐकत बसणं, दारं उघडी टाकून तासभर गाडी धुणं, यातही बरीच जाते.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिडवाल्यांनो, तुमच्या गाडीतही वेगळी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली की मोठी बॅटरी फुल असूनही गाडी चालू होत नाही, कारण मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिला गाडीशी जोडणारे मोठे स्विच) ओढायला हीच लागते. वरची मोजमापं तिलाही चालतात, फक्त इंजिन चालू ऐवजी गाडी रेडी मोडमध्ये असं समजा आणि नारिंगी वायरला (ती मोठ्या बॅटरीच्या हाय व्होल्टेजची असते) हात लावू नका. अशा गाडीवरून दुसऱ्याला जंप द्यायचा असेल तर आधी मॅन्युअल बघा, बऱ्याच कंपन्या नको म्हणतात.

७. बदलायचीच वेळ आली तर

तीन ते पाच वर्षं झाली असतील आणि सेल्फला कोसळत असेल तर बदला, त्यात काही वावगं नाही. स्टार्ट-स्टॉपवाल्या गाडीत ईएफबी (साध्या बॅटरीचाच जास्त टिकाऊ प्रकार) किंवा एजीएम असते, तिथे साधी बॅटरी घालू नका, लवकर मरेल. ईएफबीच्या जागी एजीएम चालते बऱ्याचदा, एजीएमच्या जागी ईएफबी नको. साइज, अँपिअर-अवर, सीसीए (थंडीत सेल्फ मारायला किती करंट देऊ शकते तो आकडा) आणि प्लस-मायनसची बाजू जुन्या स्टिकरवरून जुळवा, आणि नव्या बॅटरीवरचा उत्पादनाचा महिना बघूनच घ्या, दुकानात वर्षभर पडलेली नको.

काही गाड्यांना बॅटरी बदलली हे स्कॅनरने कळवावं लागतं, नाहीतर ती जुनीच समजून नवीला चुकीचं चार्जिंग देत राहते. दुकानदाराला आधीच विचारा हे करता का म्हणून. बदलून झाल्यावर काचा पूर्ण वर करून बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे ऑटो अप परत शिकेल, आणि स्टिअरिंगचा दिवा लागला असेल तर दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून थोडं सरळ चालवा, बहुतेक वेळा जातो. स्टार्ट-स्टॉप लगेच चालू झाला नाही तर तक्रार करायला धावू नका, मायनस टर्मिनलवरच्या त्या सेन्सरला नवा हिशोब जमवायला एखादी रात्र गाडी लॉक करून उभी लागते.